खलाशांचा शिधा : पोषणशिक्षणाचा एक पाठ

देशातील शालेय विद्यार्थ्यांच्या आहाराचा विचार आजवर मुख्यतः पुरवठ्याच्या अंगाने होत आला आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेला प्राथमिक शिक्षणासाठीचा राष्ट्रीय पोषण साहाय्य कार्यक्रम, शिजवलेले अन्न देण्याविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा २८ नोव्हेंबर २००१ चा आदेश आणि २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने राबविण्यात येणारी योजना हे या वाटचालीतील प्रमुख टप्पे होत. ताटात धान्य किती, डाळ किती, भाजी किती याचे निकष त्यातून निश्चित झाले. मात्र ताटात वाढलेली भाजी विद्यार्थ्याने का खावी, हा प्रश्न पुरवठ्याचा नसून शिक्षणाचा आहे; आणि वर्गात तो बहुधा एका तक्त्यात बंदिस्त होतो. एका रकान्यात जीवनसत्त्वाचे नाव, दुसऱ्यात त्याचे स्रोत, तिसऱ्यात त्याच्या अभावाने होणारा रोग. परीक्षेपुरता पाठ केलेला हा तक्ता परीक्षेनंतर विस्मरणात जातो.

याचे परिणाम किरकोळ नाहीत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुली आणि ३१.१ टक्के मुलगे रक्तक्षयाने ग्रस्त होते. यांपैकी बहुसंख्य मुलामुलींना दोन वेळचे अन्न मिळत नव्हते, असे म्हणता येणार नाही. पोट भरणे आणि पोषण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेच या आकडेवारीवरून दिसते. हा भेद विद्यार्थ्यांना पटवून द्यायचा, तर त्यासाठी जगाच्या इतिहासात एक अत्यंत बोलके उदाहरण उपलब्ध आहे. ते म्हणजे शिडाच्या जहाजांवरील खलाशांच्या आहाराचे. इतिहास, भूगोल, विज्ञान आणि गणित या चारही विषयांना स्पर्श करणारा हा पाठ इयत्ता सहावी ते आठवीच्या वर्गात कसा मांडता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शिध्याचे गणित

अठराव्या शतकातील ब्रिटिश नौदलाच्या नियमांनुसार प्रत्येक खलाशास दररोज एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम कडक बिस्किटे आणि एक गॅलन बिअर मिळत असे. याखेरीज आठवड्याला चार पौंड खारवलेले गोमांस, दोन पौंड खारवलेले डुकराचे मांस, वाळलेले वाटाणे, ओटचे पीठ, लोणी आणि चीज असा शिधा ठरलेला होता. मांस आठवड्यातून चार दिवस दिले जाई. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार हे मांसाविना जाणारे दिवस इंग्रज खलाशांच्या बोलीत ‘बनियन डे’ म्हणून ओळखले जात. हा शब्द भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील शाकाहारी वाणी व्यापाऱ्यांच्या नावावरून रूढ झाला.

कागदावर हा शिधा कमी नव्हता. त्यातून दिवसाला चार हजारांहून अधिक कॅलरी मिळत. त्या काळातील इंग्लंडच्या गरीब शेतमजुराला एवढे मांस क्वचितच लाभत असेल. परंतु महिनोन्‌महिने टिकावा यासाठी शिध्यातील प्रत्येक पदार्थ एक तर वाळवलेला, नाहीतर खारवलेला किंवा आंबवलेला असे. पीठ व पाणी मळून, भाजून, दगडासारखे कडक केलेले बिस्किट वर्षभर टिके. त्यात किडे झाले तरी ते आपटून, झटकून खाल्ले जाई. ताजी भाजी वा ताजे फळ मात्र बंदर सुटल्यानंतर काही दिवसांतच संपे.

यानंतर जे घडे, ते सर्वच दर्यावर्दी राष्ट्रांच्या परिचयाचे होते. दोन-तीन महिन्यांनी खलाशांच्या हिरड्या सुजत, दात हलू लागत, अंगावर काळेनिळे डाग उमटत, वर्षानुवर्षे भरून आलेल्या जखमा पुन्हा उघडत आणि अखेरीस मृत्यू ओढवे. हाच स्कर्व्ही रोग होय. शरीरातील ऊतींना बांधून ठेवणारे कोलॅजेन हे प्रथिन तयार होण्यासाठी क जीवनसत्त्व आवश्यक असते. बहुतेक प्राणी ते आपल्या शरीरात तयार करतात. मानवाला ते अन्नातूनच मिळवावे लागते. शरीरातील साठा दोन-तीन महिन्यांत संपतो. रोग टाळण्यासाठी दिवसाला अवघे १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरेसे असते. परंतु नौदलाच्या शिध्यात तेवढेही नव्हते.

त्याची किंमत किती मोठी होती, हे दोन उदाहरणांवरून ध्यानात येते. १७४० मध्ये जॉर्ज अॅन्सन यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या ब्रिटिश ताफ्यात सुमारे १,९०० माणसे होती. चार वर्षांनी मोहीम संपली, तेव्हा त्यांपैकी सुमारे १,४०० मरण पावली होती. शत्रूच्या हातून मेलेल्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. बहुतेकांचा बळी रोगांनी, विशेषतः स्कर्व्हीने घेतला. १७५६ ते १७६३ या काळातील सप्तवार्षिक युद्धात ब्रिटिश नौदलाने सुमारे १ लाख ८५ हजार माणसांची भरती केली. प्रत्यक्ष लढाईत सुमारे १,५०० जण पडले. रोगाने दगावलेल्या वा बेपत्ता झालेल्यांची संख्या १ लाख ३३ हजारांहून अधिक होती.

मोसमी वारे आणि तीन महिने

भारतीय विद्यार्थ्याला या पाठाशी जोडणारा दुवा वास्को द गामाच्या सफरीत सापडतो. पाठ्यपुस्तकातून विद्यार्थ्याला १४९८ हे वर्ष आणि कालिकत हे बंदर ठाऊक असते. त्या सफरीतील प्रवासाच्या कालावधीकडे मात्र सहसा लक्ष वेधले जात नाही. एप्रिल १४९८ च्या अखेरीस आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मालिंदी बंदरातून निघालेली जहाजे स्थानिक वाटाड्याच्या मदतीने, अनुकूल मोसमी वाऱ्यांवर चार आठवड्यांच्या आत मलबारच्या किनाऱ्याला लागली. परतताना मात्र वाऱ्यांची दिशा बदलण्याची वाट न पाहता, ऑक्टोबरच्या प्रारंभी कारवारनजीकच्या अंजदीव बेटावरून ती निघाली. प्रतिकूल वारे आणि निर्वात समुद्र यांमुळे त्याच अरबी समुद्राला पार करण्यास सुमारे तीन महिने लागले. या तीन महिन्यांत सुमारे तीस खलाशी स्कर्व्हीने मेले. प्रत्येक जहाजावर धडपणे काम करू शकणारी जेमतेम सात-आठ माणसे उरली. जानेवारी १४९९ मध्ये मालिंदीला पोहोचल्यावर आजाऱ्यांसाठी संत्री मिळविण्यात आली. पुढे तिन्ही जहाजे हाकण्याइतकी माणसे न उरल्याने एक जहाज जाळून टाकावे लागले.

हिंदी महासागरातील अरब, गुजराती, कोकणी व मलबारी दर्यावर्दी शतकानुशतके मोसमी वाऱ्यांच्या वेळापत्रकानुसार, टप्प्याटप्प्याने प्रवास करीत. दोन बंदरांमधील अंतर बहुधा काही आठवड्यांचे असे. शरीरातील क जीवनसत्त्वाचा साठा संपण्याआधीच किनारा गाठला जाई. चौदाव्या शतकात मलबारच्या किनाऱ्यावर आलेल्या इब्न बतूताने चिनी जहाजांवर लाकडी पिंपांत भाज्या आणि आले लावलेले असते, अशी नोंद केली आहे. वाऱ्यांचे ज्ञान हे एका अर्थी पोषणाचेही ज्ञान होते. भूगोलाच्या तासाला मोसमी वाऱ्यांचा नकाशा शिकविताना हा मुद्दा मांडला, तर त्या नकाशातील बाणांना वेगळाच अर्थ प्राप्त होतो.

बारा रुग्णांचा प्रयोग

२० मे १७४७ रोजी ‘साल्सबरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील शल्यवैद्य जेम्स लिंड यांनी स्कर्व्हीचे बारा रुग्ण निवडले. शक्य तितकी सारखी लक्षणे असलेल्या या रुग्णांना एकाच ठिकाणी ठेवून एकसारखे जेवण देण्यात आले. त्यानंतर दोन-दोन रुग्णांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार देण्यात आला. पहिल्या जोडीला सफरचंदाची आंबवलेली सायडर, दुसरीला पाण्यात मिसळलेले गंधकाम्ल, तिसरीला व्हिनेगर, चौथीला समुद्राचे पाणी, पाचवीला प्रत्येकी दोन संत्री व एक लिंबू आणि सहाव्या जोडीला लसूण, मोहरी इत्यादींचा लेह. संत्री-लिंबांचा साठा सहा दिवसांत संपला; परंतु तेवढ्या अवधीत त्या जोडीतील एक खलाशी कामावर रुजू होण्याइतका बरा झाला आणि दुसऱ्यावर इतर रुग्णांची शुश्रूषा सोपविण्यात आली. सायडर घेणाऱ्यांत किंचित सुधारणा दिसली. इतरांत उल्लेखनीय फरक पडला नाही.

विज्ञानाच्या अध्यापनासाठी या प्रयोगाचे मूल्य मोठे आहे. सर्वांना सारखे जेवण का दिले? एकाच रुग्णावर सर्व उपचार का केले नाहीत? दोन रुग्णांवरून निष्कर्ष काढणे कितपत योग्य? हे प्रश्न बारा-तेरा वर्षांच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या बुद्धीने सोडविता येतात. वैज्ञानिक पद्धतीची व्याख्या पाठ करण्यापेक्षा ती या बारा रुग्णांच्या गोष्टीतून अधिक खोलवर रुजते.

उपाय सापडला, तरी विलंब का?

या कथेचा सर्वांत उद्बोधक भाग प्रयोगानंतर सुरू होतो. लिंड यांनी १७५३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सर्वत्र देण्याचा निर्णय १७९५ मध्ये घेतला. प्रयोग आणि धोरण यांमध्ये ४८ वर्षे गेली. किंबहुना हा विलंब त्याहूनही दीर्घ होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या १६०१ मधील पहिल्याच सफरीत जेम्स लँकेस्टर यांनी आपल्या जहाजावरील प्रत्येकास रोज सकाळी तीन चमचे लिंबाचा रस दिला होता. ते जहाज निरोगी राहिले आणि ताफ्यातील उर्वरित तीन जहाजांवर रोगाने थैमान घातले. तरीही तो धडा पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचला नाही.

या विलंबाची कारणे तीन प्रकारची आहेत. पहिले कारण सैद्धांतिक होते. दमट हवा, आळस, घामाची छिद्रे बंद होणे अशा अनेक गोष्टींना तत्कालीन वैद्यक रोगाचे मूळ मानत असे. खुद्द लिंड यांनाही आहारातील अभाव हेच कारण आहे, असे वाटत नव्हते. दुसरे कारण तांत्रिक होते. रस टिकावा म्हणून लिंड यांनी तो तापवून आटविण्याची शिफारस केली. उष्णतेने क जीवनसत्त्व नष्ट होत असल्याने या आटवलेल्या रसाचा गुण येईना आणि मूळ उपायावरचाच विश्वास डळमळला.

तिसरे कारण आर्थिक होते, आणि धोरणाच्या अभ्यासकांनी त्याची विशेष नोंद घेतली पाहिजे. संत्री-लिंबे भूमध्य समुद्राच्या परिसरातून आणावी लागत व त्यांचा खर्च हिशेबाच्या वहीत ठळकपणे दिसे. मेलेल्या खलाशाची किंमत मात्र कोणत्याही वहीत मांडली जात नव्हती. सक्तीच्या भरतीने त्याच्या जागी दुसरा माणूस पकडून आणता येत होता. ज्या हानीची नोंद होत नाही, ती टाळण्यासाठी खर्च करण्यास कोणतीही यंत्रणा सहजी राजी होत नाही. युद्धकाळात प्रशिक्षित खलाशांची चणचण तीव्र झाली, तेव्हा लिंबू स्वस्त वाटू लागले. १७९४ मध्ये ‘सफोक’ ही युद्धनौका इंग्लंडहून मद्रासला निघाली. दररोज प्रत्येकास सुमारे २० मिलिलिटर लिंबाचा रस साखरेसह देण्यात आला. २३ आठवड्यांच्या या प्रवासात स्कर्व्हीने एकही मृत्यू झाला नाही. पुढील वर्षी डॉ. गिल्बर्ट ब्लेन यांच्या आग्रहाने हा रस नौदलाच्या शिध्याचा भाग झाला. हॅसलर येथील नौदल रुग्णालयात १७८० मध्ये स्कर्व्हीचे हजाराहून अधिक रुग्ण होते. १८०६ पर्यंत तेथे या रोगाचा रुग्ण दुर्मीळ झाला.

मिळविलेले ज्ञान गमावताही येते, हेही या इतिहासात दिसते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश नौदलाने भूमध्य परिसरातील मोठ्या लिंबाऐवजी वेस्ट इंडीजमधील लहान लिंबाचा रस घेण्यास सुरुवात केली. त्यात मुळातच क जीवनसत्त्व कमी. त्यात भर म्हणून तो रस दीर्घकाळ साठविला जाई व तांब्याच्या नळ्यांतून नेला जाई. १८७५-७६ च्या ब्रिटिश आर्क्टिक मोहिमेत रस सोबत असूनही स्कर्व्ही उद्भवला. उपाय माहीत होता. तो का लागू पडतो, हे माहीत नव्हते. हा उलगडा होण्यासाठी १९३२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी क जीवनसत्त्वाची निश्चित ओळख पटली आणि या संशोधनातील वाट्याबद्दल अल्बर्ट सेंट-ग्योर्गी यांना १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पांढऱ्या भाताची किंमत

युरोपीय खलाशांचा प्रश्न लिंबाशी निगडित होता. आशियातील खलाशांचा प्रश्न भाताशी. जपानी नौदलात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेरीबेरी या रोगाने कहर केला होता. पायांतील शक्ती जाणे, सूज येणे आणि हृदय निकामी होणे ही त्याची लक्षणे. पॉलिश केलेला पांढराशुभ्र भात पोटभर मिळणे हे नौदलातील नोकरीचे एक आकर्षण होते आणि तोच रोगाचे कारण ठरला. १८८२-८३ मध्ये ‘र्युजो’ या प्रशिक्षण नौकेवरील ३७६ पैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला व २५ जण मरण पावले. नौदलाचे वैद्यक अधिकारी ताकाकी कानेहिरो यांनी १८८४ मध्ये त्याच मार्गाने ‘त्सुकुबा’ ही नौका सुधारित आहारासह पाठविली. मांस, भाज्या आणि इतर धान्ये यांचे प्रमाण वाढविलेल्या या नौकेवर मोजक्याच जणांना रोग झाला आणि कोणीही दगावले नाही. नौदलाने आहार बदलला, पुढे तांदळात बार्ली मिसळली आणि रोग आटोक्यात आला. ताकाकी यांचे अनुमान प्रथिनांच्या कमतरतेचे होते. खरा अभाव ब-१ जीवनसत्त्वाचा होता. कारण चुकले, परंतु उपाय बरोबर ठरला. जपानच्या भूदलाने मात्र हा अनुभव मानला नाही आणि १९०४-०५ च्या रशियाविरुद्धच्या युद्धात त्याचे हजारो सैनिक बेरीबेरीने मेले. याच काळात, ब्रिटिशांमार्फत जपानला पोहोचलेली भारतीय करी गव्हाच्या पिठाने दाट करून, मांस व भाज्यांसह भातावर वाढण्याची प्रथा जपानी नौदलात रुजली, ही गोष्ट विद्यार्थ्यांना विशेष रंजक वाटेल.

या संशोधनाचा एक धागा थेट भारतीय संस्थेपर्यंत येतो. १९१८ मध्ये कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांच्या नेतृत्वाखाली बेरीबेरीची चौकशी करण्यासाठी एक लहानसा विभाग सुरू झाला. त्यातूनच पुढे पोषण संशोधन प्रयोगशाळा विकसित झाली, १९५८ मध्ये ती हैदराबादला हलविण्यात आली आणि १९६९ मध्ये तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले. भारतात बेरीबेरीचा उपद्रव प्रामुख्याने आंध्रच्या किनारी जिल्ह्यांत, जेथे गिरणीत सडलेला कच्चा तांदूळ खाल्ला जाई, तेथे आढळत होता. कोकण, गोवा, केरळ आणि बंगालमध्ये प्रचलित असलेला उकडा तांदूळ खाणाऱ्यांना तो सहसा होत नसे. भात उकडताना कोंड्यातील ब-१ जीवनसत्त्व दाण्याच्या आत उतरते आणि सडल्यानंतरही टिकते. घरातील उकड्या तांदळाला कमी प्रतीचा मानणाऱ्या विद्यार्थ्याला हे कळणे महत्त्वाचे आहे.

वर्गातील मांडणी

हा विषय सहा तासिकांत पूर्ण करता येतो. त्यासाठी लागणारे साहित्य बहुतेक शाळांत वा गावात उपलब्ध असते.

पहिल्या तासिकेत विद्यार्थ्यांनी जहाजाची कोठी भरावी. शंभर खलाशी, दीडशे दिवसांचा प्रवास. दररोज ४५० ग्रॅम बिस्किटे या हिशेबाने ६,७५० किलोग्रॅम बिस्किटे लागतात. दररोज २० मिलिलिटर या हिशेबाने लिंबाचा रस लागतो केवळ ३०० लिटर. पावणेसात टन अन्न असूनही माणसे मेली आणि ३०० लिटर रसाने ती वाचली असती, ही तुलना विद्यार्थ्यांनी स्वतः आकडेमोड करून गाठली पाहिजे.

दुसऱ्या तासिकेत मोसमी वाऱ्यांच्या नकाशावर वास्को द गामाचा जाण्याचा व येण्याचा मार्ग दिवसांच्या नोंदीसह रेखाटावा. तिसरीत लिंड यांचा प्रयोग चिठ्ठ्यांच्या साहाय्याने करावा. बारा विद्यार्थी रुग्ण होतात, उर्वरित वर्ग उपचारांचे फळ उघड होण्यापूर्वी आपला अंदाज नोंदवितो व नंतर त्याची चर्चा करतो.

चौथी तासिका प्रयोगशाळेची. पातळ पेजेच्या पाण्यात टिंक्चर आयोडीनचा एखादा थेंब टाकला की ते निळे होते. त्यात लिंबाचा ताजा रस थेंबाथेंबाने घातल्यास निळा रंग नाहीसा होतो. किती थेंब लागले, ते मोजावे. हीच कृती वीस मिनिटे उकळलेल्या रसाने, उघड्या भांड्यात आठवडाभर ठेवलेल्या रसाने आणि व्हिनेगरने करावी. जितके अधिक थेंब लागतील, तितके क जीवनसत्त्व कमी. व्हिनेगर आंबट असूनही रंग घालवीत नाही. आंबटपणा म्हणजे औषध नव्हे, हे जे त्या काळातील वैद्यांना उमगले नाही, ते विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर दिसते. लिंड यांचा आटवलेला रस का फसला, हेही त्याला समजते. हा प्रयोग शिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावा आणि त्यातील कोणताही द्रव तोंडात घालू नये, याची दक्षता आवश्यक आहे.

पाचव्या तासिकेत मटकी वा मूग यांना मोड आणावेत. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळपास नसते. मोड येताना ते तयार होते. याला ऐतिहासिक आधारही आहे. पहिल्या महायुद्धात १९१५-१६ मध्ये मेसोपोटेमियातील कुट येथे वेढ्यात अडकलेल्या सैन्यात पांढऱ्या पिठाचा पाव खाणाऱ्या ब्रिटिश सैनिकांना बेरीबेरी झाला. कणीक व डाळीवर राहिलेले भारतीय सैनिक त्यापासून वाचले, परंतु ताज्या भाजीअभावी त्यांना स्कर्व्हीने गाठले. एकाच वेढ्यात दोन शिधे आणि दोन रोग. जहाजावर, वेढ्यात किंवा दुष्काळात जेथे भाजी मिळत नाही, तेथेही मूठभर कडधान्य व पाणी यांतून ताजे अन्न निर्माण करता येते, हा त्यातील धडा होय.

सहाव्या तासिकेत विद्यार्थी आपल्या परिसरातील पदार्थांची यादी करतात आणि आजचा शिधा स्वतः ठरवितात.

ताटापर्यंतचा प्रवास

आजच्या भारतीय विद्यार्थ्याला स्कर्व्ही होण्याची शक्यता नगण्य आहे. मग लिंबाच्या या गोष्टीचा त्याच्या जीवनाशी संबंध काय, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर रक्तक्षयात आहे. डाळी, हिरव्या पालेभाज्या, बाजरी, नाचणी यांत लोह असते. परंतु वनस्पतिजन्य अन्नातील लोह शरीरात फार थोड्या प्रमाणात शोषले जाते. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल, तर हे शोषण लक्षणीय वाढते. उलट, जेवणासोबत घेतलेला चहा ते कमी करतो. वरणभातावर पिळलेली लिंबाची फोड, जेवणानंतरचा आवळा वा पेरू, उसळीवरची ताजी कोथिंबीर यांना म्हणूनच चवीपलीकडचे महत्त्व आहे. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत आणि केवळ लिंबाने तो हटणार नाही. लोहाच्या गोळ्या, जंतनाशक औषधे आणि विविधतापूर्ण आहार यांची गरज कायम राहते. तथापि ताटात आधीच असलेल्या लोहाचा अधिक उपयोग करून घेण्याचा हा अत्यंत स्वस्त मार्ग आहे.

माध्यान्ह भोजनाच्या निकषांत प्राथमिक स्तरावर ५० ग्रॅम व उच्च प्राथमिक स्तरावर ७५ ग्रॅम भाजी समाविष्ट आहे. ती भाजी ताटात पडते की नाही, आणि पडली तर खाल्ली जाते की टाकली जाते, यावर योजनेचे यश अवलंबून असते. या बाबतीत कॅप्टन जेम्स कुक यांची युक्ती लक्षात घेण्याजोगी आहे. १७६८ च्या सफरीत त्यांनी आंबवलेली कोबी सोबत नेली होती. खलाशी ती खाईनात. कुक यांनी सक्ती केली नाही. ती रोज अधिकाऱ्यांच्या मेजावर वाढण्यास सांगितले. वरिष्ठ खातात, हे पाहताच खलाशांनी ती स्वतःहून मागितली. शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या पंगतीत बसून तीच भाजी खाण्यात जे सामर्थ्य आहे, ते कोणत्याही परिपत्रकात नाही. शाळेच्या परसबागेत एक लिंबाचे, एक पेरूचे आणि एक शेवग्याचे झाड असेल, तर हा पाठ वर्षानुवर्षे जिवंत राहील.

काही दक्षता

हा विषय शिकविताना दोन गोष्टींचे भान ठेवणे आवश्यक आहे. पहिली, विद्यार्थ्यांच्या घरच्या जेवणाची परस्परांशी तुलना होऊ नये. कोणाच्या घरी काय शिजते, हे बहुतांशी उत्पन्नावर ठरते. यादी परिसरातील उपलब्ध पदार्थांची करावी, घरोघरच्या ताटांची नव्हे. दुसरी, ही केवळ युरोपीय पराक्रमाची कहाणी ठरू नये. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर मोठ्या संख्येने भारतीय खलाशी राबत होते. मुंबई बंदरातून रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील खलाशी डेकवर आणि गोव्यातील माणसे जहाजाच्या स्वयंपाकघरात काम करीत. किनारी भागातील शाळांना अशा कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना वर्गात निमंत्रित करता येईल. जहाजावर काय शिजत असे, काय टिकत असे, याविषयीचे त्यांचे अनुभव हे या पाठाचे मौलिक साधन ठरू शकेल.

पोषण हा विषय विज्ञानाच्या पुस्तकातील एका प्रकरणापुरता मर्यादित राहिला, तर त्याचे रूपांतर सवयीत होत नाही. खलाशांच्या शिध्याचा इतिहास विद्यार्थ्याला तीन गोष्टी शिकवितो : भरलेले पोट हे निरोगी शरीराचे प्रमाण नव्हे, उपाय सापडणे आणि तो माणसापर्यंत पोहोचणे यांत पिढ्या वाया जाऊ शकतात, आणि ज्यांच्या हानीचा हिशेब ठेवला जात नाही, त्यांच्या वाट्याला उपाय सर्वांत उशिरा येतो. पहिली गोष्ट त्याला आजच्या जेवणासाठी उपयोगी पडेल. उरलेल्या दोन गोष्टी उद्याचा नागरिक म्हणून, कदाचित ग्रामपंचायतीत, शाळा व्यवस्थापन समितीत वा शासनात निर्णय घेताना त्याच्या कामी येतील. देशातील मुलींमधील रक्तक्षय हा आज अशाच, उपाय ज्ञात असूनही पुरेसा न पोहोचलेल्या प्रश्नांपैकी एक आहे. त्याच्या बाबतीत आणखी ४८ वर्षे जाऊ न देण्याची सुरुवात शाळेच्या एका वर्गातून होऊ शकते.